डोळे उघडे ठेवा, आत्ती

चौकातल्या स्टुडिओत जाऊन गंगव्वांचा फोटो काढून आणायला अर्धा तास लागला असता. रिक्षा मिळाली नसती तर पाऊण. हे ज्योत्स्नाला तेव्हाही माहीत होतं. पण जी बाई इतकी वर्षं पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते, त्यातला प्रकाशाचा धडा दरवर्षी आवडीनं शिकवते (स्वतःच्या आवडीनं, मुलांचं विचारू नका), आणि जिच्या कपाटात चांगला डिजिटल कॅमेरा पडून आहे, तिनं सासूला स्टुडिओत न्यायचं, हे तिच्या मनाला पटेना. म्हणून तिनं एक फ्लॅश मागवायचं ठरवलं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा, वेगळा, मोठा फ्लॅश. तिनं ठरवलं ते एवढंच. पुढचं सगळं आपलं आपण ठरत गेलं.

त्याचं असं झालं. निपाणीतलं त्यांचं नवं घर पुरं झालं होतं आणि रविवारी तिथं बुद्धवंदना ठरली होती. भंतेजी येणार होते, सदलग्यापासून बेळगावपर्यंतचे पाहुणे येणार होते. हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो यांची जागा झाली. समोरच्या भिंतीवर सासऱ्यांचा, म्हणजे कालकथित भीमाप्पांचा फोटो लागला. आणि गवंडी शिडीवरून उतरायच्या आत गंगव्वांनी त्याच्याकडून शेजारी अजून एक खिळा मारून घेतला.

भीमरत्ननं, म्हणजे ज्योत्स्नाच्या नवऱ्यानं विचारलं, हा कशाला.

"मला," गंगव्वा म्हणाल्या.

भीमरत्न तहसीलदार कचेरीत आहे. समोरच्यानं अर्ज नीट भरलेला असला तरी त्यात काहीतरी राहिलंय असं त्याला वाटतं. तो म्हणाला, आई, असं जित्या माणसाचा फोटो गेलेल्याच्या शेजारी लावत नाहीत. त्यावर गंगव्वांनी शांतपणे विचारलं, "मी गेल्यावर लावनारच हाईस न्हवं? मग मला कवा दिसायचा त्यो?"

भीमरत्न खिळ्याकडं बघत राहिला.

खरं कारण शेजारच्या फोटोत होतं. भीमाप्पा हयात असताना त्यांचा एकट्याचा फोटो काढायचं कुणाला सुचलंच नाही. ते गेल्यावर शोधाशोध झाली आणि गुणाबाईंच्या, म्हणजे गंगव्वांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या एका घोळक्यातून भीमाप्पांना कापून काढून मोठं करण्यात आलं. भीमाप्पा छान आले. पण त्यांच्याबरोबर खांद्यावर कुणाचा तरी हातही आला. चार बोटं, एक अंगठी आणि मनगटावर घड्याळ. हात कुणाचा, यावर दोघी बहिणींचं आजतागायत जमलेलं नाही. गंगव्वा म्हणतात आमच्या थोरल्या अण्णाचा, गुणाबाई म्हणतात आमच्या मालकांचा. दोघेही आता विचारायला नाहीत, त्यामुळं वाद चांगला टिकलाय.

मध्यंतरी एका स्टुडिओवाल्याला तो हात काढायला सांगितलं होतं. त्यानं कम्प्युटरवर हात काढला, हाताबरोबर खांदा काढला, आणि न मागता भीमाप्पांना गोरं करून त्यांच्या मागं बर्फाचे डोंगर लावले. एका बाजूनं उतरलेला तो गोरा गृहस्थ बघून गंगव्वा म्हणाल्या, "ह्यो कोन?" तेव्हापासून जुनाच फोटो लागतो. स्मृतिदिनाला हार घालताना तो जरा एका अंगाला ओढून घ्यायचा, म्हणजे हात झाकला जातो, अशी घरातली पद्धत आहे.

"माजा बी असाच कुनाच्या तरी लग्नातनं कापतिला," गंगव्वांचं म्हणणं होतं. "त्यापेक्षा आत्ताच काडा. अंगावर कुनाचा हात नको. आनी डोळं उघडं पायजेत."

डोळ्यांची गोष्ट वेगळीच होती. घरातल्या एकाही फोटोत गंगव्वांचे डोळे उघडे नाहीत. मुलाच्या लग्नात त्या झोपल्यात. बारशात झोपल्यात, विहाराच्या उद्घाटनात पहिल्या ओळीत झोपल्यात. मतदान कार्डावर तर अशा झोपल्यात की मतदान केंद्रावरच्या पोरानं एकदा कार्डाकडं आणि त्यांच्याकडं आळीपाळीनं बघून, आजी, जरा डोळे मिटून दाखवा, असं म्हटलं होतं. गुणाबाईंचे डोळे मात्र प्रत्येक फोटोत टक्क उघडे. सदलग्याला त्यांच्या टीव्हीच्या वर त्यांचा हातभर फोटो आहे आणि त्यात त्या बातम्या देणार असल्यासारख्या बघतात.

स्टुडिओचं नाव काढलं तर गंगव्वा म्हणाल्या, "साकु. त्यो मला बी डोंगरात बसवंल." निपाणीत राहणाऱ्या माणसानं एकदा साकु, म्हणजे बास, म्हटलं की विषय संपतो, मग तो मराठी असो की कन्नड.

तेव्हा ज्योत्स्ना पुढं झाली. (कुणी बोलावलं नव्हतं.) सासूला ती आत्ती म्हणते. म्हणाली, आत्ती, मी काढते. फ्रेमवाल्या नागेंद्रला सांगून ठेवलं. तो म्हणाला, मॅडम, शनिवारी पाचपर्यंत फोटो पायजे, रात्री मी खानापूरला मेहुण्याच्या लग्नाला चाललोय. ज्योत्स्ना म्हणाली, शनिवार कशाला, शुक्रवारीच देते.

गुरुवारी दोन गोष्टी घरी आल्या. फ्लॅश आणि गुणाबाई. दोन्ही लवकर तापणाऱ्या.

फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागत होते आणि ते खोक्यात नव्हते. दुकान काही लांब नाही, पण ज्योत्स्नाला दम नव्हता. दोन सेल गंगव्वांच्या रेडिओतनं निघाले, एक जुन्या रिमोटमधनं, आणि एक हॉलमधल्या घड्याळातनं. उद्या नवीन आणून घालू, असं ती म्हणाली. तो उद्या अजून यायचाय.

मग गंगव्वांना इस्त्रीची पांढरी साडी नेसवून खुर्चीत बसवलं. गुणाबाई पलीकडच्या सोफ्यावर पाय वर घेऊन, चहा घेऊन बसल्या. ज्योत्स्नानं फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवला, डोळे उघडे ठेवा आत्ती, असं सांगितलं आणि बटण दाबलं.

वीज पडावी तसा उजेड झाला. फोटोत गंगव्वांचा चेहरा पिठाच्या डब्यात पडल्यासारखा पांढरा, मागं भिंतीवर त्यांची काळीकुट्ट सावली, आणि डोळे घट्ट मिटलेले. दुसऱ्यात तसंच. पुढच्या सगळ्यांत तसंच. फरक एवढाच की सावली कधी या बाजूला, कधी त्या.

"सावलीचं डोळं उघडं हाईत," गुणाबाई म्हणाल्या.

ज्योत्स्नानं त्या संध्याकाळी मोबाईलवर फ्लॅशच्या बाबतीत जे जे मिळेल ते बघितलं. एक दाढीवाला मुलगा सांगत होता की फ्लॅश कधी माणसाच्या तोंडावर मारायचा नाही. त्याची मान वर करायची, उजेड छतावर आपटायचा आणि तो मऊ होऊन खाली येतो. ज्योत्स्नाला स्वतःचीच लाज वाटली. परावर्तन. हे तर ती स्वतः फळ्यावर काढते, बाण दाखवून.

शुक्रवारी तिनं कॉलेजात रजा टाकली आणि फ्लॅशची मान वर केली. उजेड खरंच मऊ आला. सावली गेली. पण गंगव्वा निळ्या आल्या.

नुसत्या निळसर नाही. चांगल्या निळ्या. साडी निळी, केस निळे, मिटलेले डोळे निळे. गुणाबाईंनी कॅमेऱ्यात बघितलं, मग बहिणीकडं बघितलं आणि काळजीनं विचारलं, "आक्का, थंडी वाजतीया व्हय तुला?"

ज्योत्स्नानं वर बघितलं. हॉलच्या छताला निळा रंग होता. भीमरत्नच्या हट्टानं दिलेला. भिंती तुला पाहिजे तशा क्रीम करू, पण छत मी म्हणतो तसं, असा त्यांचा तह झाला होता. त्यासाठी दोघांत आठवडाभर अबोला होता आणि त्या छताखाली ती रोज बसत होती. वीस वर्षं परावर्तन शिकवणाऱ्या बाईला छताचा रंग खाली येणार हे सुचायला सासू निळी व्हावी लागली.

भीमरत्न जेवायला घरी आला तेव्हा तिनं त्याला फोटो दाखवला. आपण आधीच सांगितलं होतं, अशा सुरात दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"रंगाचा काय दोष," तो म्हणाला. "मान कुणी वर केली?"

मग त्यालाच स्टुलावर चढवलं. दाढीवाल्यानं सांगितलं होतं की छत रंगीत असेल तर पांढरं कापड धरा. घरात पांढरी चादर होती, पण ती पाहुण्यांच्या गादीवर घातलेली. हाताशी होती ती ज्योत्स्नाची रविवारची पांढरी साडी. भीमरत्न स्टुलावर दोन्ही हात वर करून ती धरून उभा राहिला, जेवणाआधी. ज्योत्स्ना म्हणाली, जरा डावीकडं. तो डावीकडं झाला. जरा मागं. तो मागं झाला, आणि स्टूल मात्र होतं तिथंच राहिलं.

त्याला काही झालं नाही. तो सोफ्यावर पडला, म्हणजे अर्धा सोफ्यावर आणि अर्धा गुणाबाईंवर. साडी दाराजवळ रंगाऱ्याच्या उरलेल्या डब्यावर पडली. डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. साडीच्या काठाला टीचभर रुंद निळी पट्टी आली, अगदी सरळ, मापून काढल्यासारखी.

या सगळ्या गोंधळात तिच्या बोटानं बटण दाबलं गेलं होतं. त्या फोटोत रंग एकदम बरोबर आले होते. भीमरत्न हवेत होता, गुणाबाईंच्या कपातला चहा हवेत होता आणि गंगव्वांचे डोळे मिटलेले होते.

आता मात्र ज्योत्स्ना गंभीर झाली. खिळा रोज नजरेला पडत होता. सकाळी केर काढताना ती त्याच्याकडं बघायची नाही, पण तो तिच्याकडं बघायचा. गुणाबाईंनी तर मधला मार्ग सुचवला होता की यंदा खिळ्याला कॅलेंडर लावा, फोटोचं पुढच्या वर्षी बघू. गंगव्वा नुसतं, "माजं डोळंच तसलं," असं म्हणून उठून आत गेल्या. ते ज्योत्स्नाला लागलं. आत्ती सहसा स्वतःकडं दोष घेत नाहीत. निदान घरात माणसं शिल्लक असताना तरी.

तिनं गंगव्वांच्या जागी स्वतः बसून बघायचं ठरवलं. जेवण झाल्यावर कॅमेरा भीमरत्नच्या हातात दिला आणि दाब म्हणाली. त्यानं दाबलं, आणि तिला कळलं. फ्लॅश एकदा चमकत नव्हता, दोनदा चमकत होता. आधी एक बारीक चमक, उजेडाचं माप घ्यायला, आणि लगेच दुसरी, खरी. मधे डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढाच वेळ, पण गंगव्वांच्या पापणीला तेवढा पुरत होता. पहिल्या चमकेला त्या डोळे मिटत, दुसरीला फोटो निघे.

हे तिनं आत्तींना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही.

"व्हय तर," त्या म्हणाल्या. "तंबाखूच्या वखारीत उमर गेली माजी. चाळन हलली, तंबाखूचा धुरळा उडाला की डोळं मिटायचं. मिटाय येळ लावला तर समदा दिवस रडत बसायचं. ही गुनी गेलीच न्हाय कवा वखारीत. हिचं डोळं उघडं न्हाईतर काय हुतील."

गुणाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

ज्योत्स्नानं मग ती माप घेणारी चमक बंद केली, उजेड हातानं ठरवायचा केला. डोळे तरीही मिटले. आता गंगव्वा चमकेची वाट बघत नव्हत्या, ज्योत्स्नाच्या बोटाची बघत होत्या. बोट हललं की मिटले. बोट दिसू नये म्हणून तिनं आपोआप निघणारा फोटो लावला. तो आधी टिक टिक टिक असा वाजतो. गंगव्वांनी एकदा ऐकून घेतलं आणि दुसऱ्या खेपेपासून शेवटच्या टिकेला बरोबर मिटायला लागल्या. या वयात एवढी तालबद्ध पापणी निपाणीत दुसरी नसेल.

शनिवार उजाडला. दाढीवाल्याकडं अजून एक उपाय होता. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढायचा, बाजूला हातात धरायचा. कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश चमकला की तो बघून हातातला मोठाही चमकतो. बाजूनं उजेड आला की माणूस कसा उठून दिसतो. त्यासाठी फ्लॅशला एका वेगळ्या बटणावर न्यावं लागतं, आणि त्या बटणाला इंग्रजीत नाव आहे स्लेव्ह. कॅमेरा मालक आणि हा गुलाम.

भीमरत्न ऑफिसला निघाला होता. त्यानं बटणावरची अक्षरं वाचली, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं आणि चपला घालायचा थांबला.

"ह्याला दुसरं नाव न्हाय?"

"नाही हो. सगळीकडं हेच आहे."

"कंपनीला लिही," असं म्हणून तो गेला. (घरात त्या बटणाला साथीदार म्हणायचं ठरलं. आजही तेच नाव आहे.)

दुपारी सगळी मांडामांड झाली. कॅमेरा तिपाईवर, त्याच्याखाली उंचीला तांदळाचा डबा. मोठ्या फ्लॅशच्या तोंडाला पांढरा कागद, तो बसवायला रबरं. रबरं सारखी निसटायची म्हणून ज्योत्स्नानं जास्तीची मनगटात घालून ठेवली होती, लाल, हिरवी, पिवळी. गंगव्वा खुर्चीत बसल्या. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पावणेचार. नागेंद्रचे पाच वाजायला अजून भरपूर वेळ होता.

भरपूर वेळ असला की माणूस बारकावे बघतो. ज्योत्स्नाला दिसलं की आत्ती एका अंगाला कलल्यात. पदर सरकलाय. फ्लॅश डाव्या हातात धरून ती पुढं झाली, उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, जरा सरळ बसा. हनुवटी वर. एवढी नको. खांदा सोडा. हा नव्हे, तो.

गंगव्वांनी हे तीन दिवस सोसलं होतं. पीठ झाल्या होत्या, निळ्या झाल्या होत्या. त्यांनी मान वळवून सुनेकडं वर बघितलं.

"ज्योती," त्या म्हणाल्या, "फोटू माजा हाय का तुज्या फळ्याचा? एवडं तर लगीन जुळवायला आल्यावर बी कुनी वळून वळून बगितलं न्हवतं मला."

आणि आपल्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं.

तिकडं गुणाबाई तिपाईशेजारी उभ्या होत्या. मगापासून त्यांच्या मनात होतं की ज्योतीच्या हातूनच काहीतरी चुकतंय. "ह्येच दाबायचं न्हवं?" असं त्यांनी कुणालाही न विचारता विचारलं, आणि दाबलं.

छोटा फ्लॅश चमकला. तो बघून ज्योत्स्नाच्या हातातला साथीदार चमकला.

तिघीही कॅमेऱ्याजवळ गेल्या.

फोटोत गंगव्वांचे डोळे उघडे होते. मोठे, काळे, पाणीदार, वर कुणाकडं तरी बघणारे, आणि ओठावर फुटायला आलेलं हसू. उजेड बाजूनं आला होता, तोंडावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती आणि एकही वाईट दिसत नव्हती. सुनेच्या हातात कॅमेरा नव्हता म्हणून त्यांनी पापणीला रजा दिली होती. शेजारी अर्धी वाकलेली ज्योत्स्ना होती. तिचं तोंड उघडं होतं आणि डोळे मिटलेले.

गंगव्वांनी स्वतःकडं बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावून बघितलं.

"माजं डोळं आमच्या आईवानी हाईत," त्या म्हणाल्या. "मला ठावंच न्हवतं."

गुणाबाईंनी वाकून बघितलं आणि व्हय म्हणाल्या. एवढंच. पुढं टोमणा नसलेल्या त्या व्हयची ज्योत्स्ना लग्न झाल्यापासून वाट बघत होती.

पण ती मास्तरीण. तिला वाटलं, अंगावर कुणाचा हात नको असं आत्तींनीच सांगितलंय, तर आता हाच फोटो आपल्याला वगळून परत घ्यावा. कसा घ्यायचा ते आता कळलंय. तिनं तसं सांगून फ्लॅश उचललाही, आणि तेवढ्यात भीमरत्न दारात आला. नागेंद्रचा त्याला फोन आला होता. मॅडम येनार हाईत का मी शटर ओढू, असं विचारत होता.

"येते की," ज्योत्स्ना म्हणाली. "अजून चार वाजायचेत."

भीमरत्ननं घड्याळाकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं.

"ते गुरुवारपास्नं पावणेचारच वाजवतंय," तो म्हणाला. "पाच कवाच होऊन गेले."

घड्याळाचा सेल तिच्या हातात होता. फ्लॅशच्या पोटात.

कॅमेऱ्यातलं कार्ड काढून ती स्कूटरवर मागं बसली. नागेंद्र एका खांद्याला लग्नाची बॅग अडकवून कम्प्युटरसमोर उभाच होता. त्यानं फोटो उघडला, भले मॅडम, असं म्हणाला (ती काही बोलली नाही), आणि बाजूची ज्योत्स्ना कापून टाकली. जाताना ती सहज गेली. मागं राहिला तो तिचा हात. गंगव्वांच्या खांद्यावर, मनगटापर्यंत. चार बोटं आणि लाल, हिरवी, पिवळी रबरं.

नागेंद्र म्हणाला, काढू का, दोन मिनिटाचं काम हाय. ज्योत्स्नानं घरी फोन लावला आणि आत्तींना खरं काय ते सांगितलं. गंगव्वांनी पलीकडनं विचारलं,

"त्याला इचार, खांदा ऱ्हातोय का?"

नागेंद्र प्रामाणिक माणूस. म्हणाला, थोडा जाईल, पण मी मारून देतो दुसरा.

"मग असू दे हात," गंगव्वा म्हणाल्या. "माजा खांदा मला पायजे."

रविवारी वंदना चांगली झाली. घर माणसांनी भरलं. येईल तो दोन फोटोंसमोर थांबत होता. एकात भीमाप्पा आणि एक हात, दुसऱ्यात गंगव्वा आणि एक हात. काही पाहुण्यांना ही घराण्याचीच रीत वाटली. भंतेजींनी फोटोकडं बघून, जिवंत आहे, असं म्हटलं, आणि गंगव्वा शेजारीच उभ्या असल्यामुळं त्यांनी व्हय, म्हणून मान हलवली.

फोटो कुणी काढला, असंही सगळे विचारत होते. गुणाबाई सांगत होत्या. "मीच. त्येला काय लागतंय? फ्लॅश तोंडावर मारायचा न्हाय. बाजूनं उजेड पायजे." सदलग्याच्या दोन बायांनी त्यांना पुढच्या महिन्यात नातीच्या साखरपुड्याला बोलावलंसुद्धा, कॅमेरा घेऊन. कॅमेरा कुणाचा, हा प्रश्न निघाला नाही. ज्योत्स्नाचं कौतुक झालंच नाही असं मात्र नाही. बेळगावच्या जावेनं तिच्या साडीचा काठ हातात धरून बघितला आणि असला निळा काठ कुठल्या दुकानात मिळाला ते विचारलं.

संध्याकाळी पाहुणे पांगले. गंगव्वा खुर्ची ओढून दोन्ही फोटोंसमोर बसल्या. ज्योत्स्ना भांडी आवरून आली आणि त्यांच्या पायाशी टेकली. आता आत्ती काहीतरी बोलतील, असं ज्योत्स्नाला वाटलं. फार नको, एक शब्द बास होता. घड्याळात पावणेचार वाजले होते.

"ज्योती," गंगव्वा म्हणाल्या.

"काय आत्ती?"

गंगव्वांनी आधी नवऱ्याच्या फोटोकडं बघितलं, मग स्वतःच्या.

"माज्यासाटी हार आनशीला तवा जरा मोठा आना. तुजी रबरं झाकाय पायजेत."